सरकारी लेखनाचा धनी कोण?

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या हातून इतिहासाचीं दोन मोठीं कामें झालीं. एक त्यांची मराठी रियासत. हें काम त्यांनीं स्वतःच्या हौसेनें, बडोद्याची नोकरी सांभाळून व पुढें कामशेतच्या एकांतांत बसून, आयुष्यभर केलें. दुसरें, पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड. हे त्यांनीं मुंबई सरकारच्या सांगण्यावरून संपादिले, आणि सरकारनें ते आपल्या छापखान्यांत छापून १९३० ते १९३४ च्या दरम्यान प्रसिद्ध केले. लेखणी एकच, मोडी वाचण्याची हातोटी तीच, आणि विषयहि पुष्कळसा तोच. परंतु कायद्याच्या नजरेस हीं दोन अपत्यें अगदीं निराळ्या कुळांतलीं आहेत. रियासतकार १९५९ च्या नोव्हेंबरांत वारले. ग्रंथकाराच्या मरणानंतर साठ वर्षें त्याचा हक्क चालतो, म्हणून रियासत १ जानेवारी २०२० पासून सर्वांची झाली. दप्तराचे खंड पडले सरकारचे; त्यांची मुदत प्रसिद्धीच्या सालापासून मोजावयाची, आणि ती तेव्हां पन्नास वर्षांची होती; म्हणून त्यांतले शेवटचे खंडहि १९८४ अखेर मोकळे झाले.

पहिला हिशेब आम्हांस समजतो. दुसऱ्याचा आंकडा समजतो, पण त्यामागील न्याय समजत नाहीं. दप्तरांतील मूळ कागद पेशव्यांच्या कारकुनांनीं लिहिलेले, ते निवडून वाचण्याचे श्रम रियासतकारांचे व त्यांच्या साहाय्यकांचे, आणि खर्च रयतेच्या वसुलांतून झालेला. मग पन्नास वर्षें सरकार त्या खंडांचें धनी होतें तें कशाच्या बळावर?

ज्यास कॉपीराइट म्हणतात आणि मराठींत स्वामित्वहक्क हें नांव ज्यास रूढ झालें आहे, त्याच्या बुडाशीं असलेला विचार साधा आहे. ग्रंथकार वर्षानुवर्षें खपतो. परंतु त्याचा ग्रंथ एकदां छापून निघाला कीं दुसरा कोणीहि त्याची नक्कल करून ती स्वस्तांत विकूं शकतो, कारण ह्या दुसऱ्यास नुसत्या कागद-शाईचा खर्च असतो. तेव्हां ग्रंथकाराच्या घरीं चूल पेटावी म्हणून समाज कांहीं काळ आपला हात आवरून धरतो. हा हक्क शेताच्या मालकीसारखा नव्हे. शेत एकानें नांगरलें तर दुसऱ्यास तें त्याच वेळीं नांगरतां येत नाहीं. कविता शंभरांनीं म्हटली तरी कवीची झिजत नाहीं. म्हणून ह्यास मालकी म्हणण्यापेक्षां समाजानें ग्रंथकाराशीं केलेली मुदतीची बोली म्हणणें अधिक खरें. इंग्लंडांत १७१० सालीं राणी ॲनच्या कारकीर्दींत जो पहिला कायदा झाला, त्यांत नव्या ग्रंथास ही मुदत चौदा वर्षें, आणि ग्रंथकार हयात असल्यास आणखी चौदा, एवढीच होती. आणि विद्येस उत्तेजन देणें हा कायद्याचा हेतु असल्याचें त्याच्या मथळ्यांतच लिहिलेलें होतें. पुढें ही मुदत फुगत फुगत मरणोत्तर साठ वर्षांवर येऊन पोंचली. ती फार झाली असें आमचें मत आहे. पणतवंडांच्या पोटगीची सोय व्हावी म्हणून कोणी ग्रंथ लिहितो असें आम्हांस वाटत नाहीं. पण तो वाद निराळा. येथें तो बाजूस ठेवूं.

आतां हीच कसोटी सरकारास लावून पाहावी. सरकारास चूल नाहीं. त्याचा मोजणीदार, त्याचा छायाचित्रकार, त्यानें नेमलेल्या समितीवरील प्राध्यापक, ह्या सर्वांस त्यांचा मेहनताना मिळालेला असतो, आणि तो करदात्यांच्या खिशांतून मिळालेला असतो. विक्री झाली नाहीं तर सरकार उपाशी मरेल आणि पुढील वर्षीं पावसाची नोंद ठेवणार नाहीं किंवा धरणाचा आराखडा काढणार नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं. ज्या बोलीचें सर्व समर्थन मजुरीवर उभें आहे, तिच्यांतली मजुरी येथें आधींच चुकती झालेली आहे. आणि ती ज्यानें चुकती केली त्यानेंच ती वस्तु दुसऱ्यास दाखवावयाची म्हटली तर परवानगीचा अर्ज करावयाचा!

ही उलटी रीत आपल्याकडे आली ती इंग्रजांच्या राजमुकुटाबरोबर. बायबल आणि पार्लमेंटचे कायदे छापण्याचा अधिकार राजाचा, ही त्यांची फार जुनी समजूत. ती मजुरीच्या विचारांतून निघालेली नसून राजसत्तेच्या विचारांतून निघालेली आहे. १९११ च्या इंग्लंडच्या कायद्यानें तिला नवें रूप दिलें, आणि तो कायदा १९१४ सालीं थोड्या फेरफारानें हिंदुस्थानास लागू झाला. तेव्हां येथें राज्य परकीयांचें होतें. राजानें आपलें तें आपलें म्हटलें ह्यांत नवल नव्हतें. नवल पुढेंच आहे. प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर आपल्याच संसदेनें १९५७ सालीं नवा कायदा केला. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलांत आला. आणि त्यांत राजाच्या जागीं सरकार हा शब्द घालून ती समजूत जशीच्या तशी ठेवण्यांत आली. सरकारनें किंवा सरकारच्या हुकमतीखालीं जें जें तयार झालें वा प्रसिद्ध झालें, त्याचें पहिलें धनी, दुसरा करार नसल्यास, सरकार. मुदत प्रसिद्धीनंतर पन्नास वर्षें. १९९२ सालीं ती साठ झाली. ह्या वाढीची हकीकत मोठी मौजेची आहे. रवीन्द्रनाथ १९४१ सालीं वारले होते. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपत होता. तो विश्वभारतीकडे आणखी कांहीं काळ राहावा म्हणून सर्वच मुदती दहा वर्षांनीं वाढविण्यांत आल्या. त्या लाटेंत आमची रियासत दहा वर्षें अधिक अडकली हें एक वेळ समजूं शकतें. पण त्याच लाटेंत सरकारी अहवालांचीहि मुदत वाढली. त्या अहवालांस कोणत्या गुरुदेवांचा वियोग झाला होता?

कायद्यास अगदींच अक्कल नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. राजपत्रांत प्रसिद्ध झालेला मजकूर कोणासहि छापतां येतो. विधिमंडळापुढें ठेवलेला चौकशी-समितीचा अहवाल छापतां येतो. न्यायालयांचे निवाडे छापतां येतात. आणि निवाड्याचे मूळ शब्द सर्वांचे, संपादकाचा हक्क त्यानें स्वतःच्या बुद्धीनें घातलेल्या भरीपुरता, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ च्या डिसेंबरांत स्पष्टहि केलें. कायद्याच्या मजकुराविषयीं मात्र एक गंमत करून ठेवली आहे: विधिमंडळानें केलेला कायदा छापावयाचा तर त्याच्यासोबत कांहीं टीका किंवा स्वतःचा कांहीं मजकूर जोडला पाहिजे. म्हणजे ज्या कायद्याचें अज्ञान ही सबब कोणत्याहि कोर्टांत चालत नाहीं, तो नागरिकानें दुसऱ्यास निव्वळ छापून देऊं नये. शेपटास चार ओळी लावून द्यावा! उघड्यावरील शिल्पांच्या बाबतींतहि कायदा समजूतदार आहे. नानासाहेब करमरकरांनीं घडविलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पुण्यांत १९२८ पासून उभा आहे. करमरकर १९६७ सालीं वारले, म्हणजे त्यांच्या कलाकृतींवरील मुदत अद्याप संपलेली नाहीं. तरी सार्वजनिक जागीं कायमच्या उभ्या केलेल्या शिल्पाचें छायाचित्र घेण्यास व छापण्यास कायद्यानें मोकळीक ठेवली आहे. रस्त्यावर जें सर्वांस दिसतें तें सर्वांचें, ही त्यामागची भावना. ती सरकारच्या फडताळापर्यंत पोंचली नाहीं, एवढेंच दुःख.

आणि फडताळांत काय काय आहे! १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि मुठेचें पाणी शनिवार, नारायण, कसबा वगैरे नदीकांठच्या पेठांत शिरलें, हें पुण्यांतील जुन्या कुटुंबांस सांगावयास नको. आमच्यासारखे त्यानंतर जन्मलेलेहि 'पुराआधीं' आणि 'पुरानंतर' ही कालगणना घरांत ऐकतच वाढले. अशा प्रसंगाचीं छायाचित्रें कोणाचीं? कांहीं शहरांतील व्यावसायिक छायाचित्रकारांचीं. तीं त्यांचीं किंवा त्यांच्या वारसांचीं. तीं छापावयाचीं तर विचारून, नांव देऊन आणि मोबदला देऊन छापावींत, ह्याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. चिखलांत उभें राहून ज्यानें यंत्र चालविलें त्याची मजुरी कोणीं बुडवूं नये. कांहीं निनांवी, वृत्तपत्रांत आलेलीं. त्यांस प्रसिद्धीनंतर साठ वर्षें, म्हणजे तीं २०२२ च्या आरंभीं मोकळीं झालीं. आणि उरलेलीं, असलींच तर, सरकारी नोकरांनीं कामाचा भाग म्हणून घेतलेलीं. ह्यांच्यासंबंधीं कायदा काय म्हणतो तें वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. साठ वर्षें मोजावयाचीं तीं छायाचित्र घेतल्यापासून नव्हेत, तें प्रसिद्ध झाल्यापासून. १९६१ सालीं जें सरकारनें प्रसिद्ध केलें तें आज सर्वांचें आहे. जें प्रसिद्ध न करतां फायलींत बांधून ठेवलें, त्याची मुदत अजून सुरूच झालेली नाहीं, आणि रुमालाची गांठ सुटेपर्यंत ती कधीं सुरू होणारहि नाहीं. दाखविलेली वस्तु मर्त्य आणि दडविलेली अमर, असा हा न्याय आहे.

आमच्या एका विद्यार्थ्यानें कांहीं वर्षांपूर्वीं ह्या पुरावर एक छोटा निबंध लिहिला. त्यास एका कार्यालयाच्या संग्रहांतील दोन छायाचित्रें त्यांत छापावयाचीं होतीं. कार्यालयानें नाहीं म्हटलें नाहीं. त्यास विचारण्यांत आलें कीं, परवानगी कोणत्या नियमाखालीं मागतां? नियम शोधून सांगितल्यावर विचारण्यांत आलें कीं, ती देण्याचा अधिकार आम्हांस आहे हें कशावरून? आठ महिने हा शास्त्रार्थ चालला. अखेर निबंध छायाचित्रांवांचून छापला, आणि विद्यार्थी नोकरीनिमित्त परगांवीं गेला. ह्या गोष्टींत कोणी दुष्ट नाहीं. टेबलामागील गृहस्थ सज्जन होते. त्यांनीं चहाहि पाजला. दोष त्यांच्या हातीं दिलेल्या कल्पनेंत होता. वस्तु आपली आहे असें एकदां मानलें कीं ती न देण्यास कारण लागत नाहीं. देण्यासच कारण लागतें. तीच वस्तु लोकांची असून आपण तिचे राखणदार आहों असें मानलें, तर न देण्यास कारण दाखवावें लागतें.

अमेरिकेच्या संघसरकारच्या नोकरांनीं कामावर असतां लिहिलेल्या किंवा टिपलेल्या कोणत्याहि वस्तूवर तेथील कायदा सरकारास स्वामित्वच देत नाहीं. न्यायमूर्तींच्या निवाड्यांवर कोणाचाहि हक्क नाहीं असें त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानें १८३४ सालींच ठरविलें होतें. त्यामुळें १९६९ सालीं त्यांचीं माणसें चंद्रावर उतरलीं त्या वेळचीं सरकारी छायाचित्रें आमच्या अप्पा बळवंत चौकांतील कोणाहि प्रकाशकास मुलांच्या पुस्तकांत घालतां येतात. चंद्र आम्हांस इतका जवळ आणि पानशेत इतकें दूर!

ह्यावर आक्षेप येतात, आणि ते सर्वच पोकळ नाहींत. एक म्हणजे, मोकळीक दिली तर लोक सरकारी मजकूर अशुद्ध छापतील व त्यावर सरकारचें नांव घालतील. ही भीति खरी आहे, पण तिला औषध स्वामित्व नव्हे. खोट्या नाण्याविरुद्ध कायदा करण्यासाठीं रुपया सरकारचा आहे असें म्हणावें लागत नाहीं. सरकारनें आपली शुद्ध प्रत सर्वांस सहज मिळेल अशी ठेवावी, आणि तिच्या नांवावर खोटें खपविणारास शिक्षा करावी. दुसरा आक्षेप असा कीं, लोकांच्या पैशानें झालेलें काम एखादा पुस्तकविक्या फुकट उचलील व नफा खाईल. खाऊं द्या. तो ज्या किमतीस विकील त्याहून कमी किमतीस विकण्यास शेजारचा दुकानदार मोकळाच आहे. जेथें कोणासच अडवितां येत नाहीं तेथें नफा फार वेळ फुगून राहत नाहीं.

तिसरा आक्षेप आम्ही गंभीर समजतों. पुराच्या छायाचित्रांत प्रेतें आहेत. ज्यांचें सर्वस्व गेलें अशा बाया-माणसांचे चेहरे आहेत. त्यांच्या दुःखाचें प्रदर्शन कोणींहि, कोठेंहि, कशासाठींहि करावें काय? ह्यास आमचें उत्तर नाहीं असेंच आहे. कांहीं चित्रें कांहीं काळ, आणि क्वचित् पुष्कळ काळ, झांकून ठेवणें हें सभ्य सरकारचें कर्तव्यच आहे. परंतु हें कर्तव्य मालकींतून निघत नाहीं. त्या विधवेचा चेहरा सरकारच्या मालकीचा नाहीं. उलट तो तिचा आहे म्हणून तर तो झांकावयाचा. मालकीच्या नियमाला तिची ओळखहि नाहीं: तो धरणाच्या भिंतीचें चित्र आणि तिच्या रडण्याचें चित्र सारख्याच कुलुपांत ठेवतो, आणि मुदत भरली कीं दोन्ही सारखींच बाहेर काढतो. अब्रूचें रक्षण करावयाचें तर त्यासाठीं अब्रूचाच विचार केला पाहिजे, कोणतें चित्र कां झांकलें हें लिहून ठेवलें पाहिजे, आणि तें कारण सरल्यावर झांकण काढलें पाहिजे.

धनीपणा आणि प्रकाशकपणा एका हातीं आले म्हणजे काय होतें, ह्याचें याहून मोठें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचें आहे. त्यांचे ग्रंथ व भाषणें महाराष्ट्र शासनानें वसंत मून ह्यांच्या संपादकत्वाखालीं १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केलीं, आणि हें काम शासनानें केलें ह्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. खासगी प्रकाशकानें इतका भार इतक्या कमी किमतींत उचलला नसता. पण त्या खंडांची वाट पाहणारे वाचक ज्या संख्येनें आहेत त्या मानानें प्रती निघेनात. काम रखडल्याची बातमी वृत्तपत्रांत आली, आणि डिसेंबर २०२१ मध्यें मुंबई उच्च न्यायालयास आपण होऊन तिची दखल घ्यावी लागली. बाबासाहेब १९५६ सालीं वारले. हयातींत छापलेले त्यांचे ग्रंथ २०१७ च्या आरंभापासून सर्वांस खुले आहेत. परंतु मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची साठ वर्षें प्रसिद्धीपासून मोजतात. हिंदुधर्मांतील कोड्यांवरील त्यांचा ग्रंथ शासनाच्या चौथ्या खंडांत १९८७ सालीं प्रथम बाहेर आला. त्याची मुदत २०४७ अखेर पुरी व्हावयाची. तो हक्क वारसांचा कीं आणखी कोणाचा, हा प्रश्न आम्ही येथें उकलीत बसत नाहीं. परंतु ज्या ग्रंथकारानें विद्या ही मूठभरांच्या कुलुपांतली वस्तु नव्हे ह्यासाठीं जन्म वेंचला, त्याचें पुस्तक त्याच्या मरणानंतर एक्याण्णव वर्षें कोणाच्या तरी परवानगीवर राहावें, ह्यांत कांहीं तरी चुकलें आहे एवढें म्हणावयास वकील व्हावें लागत नाहीं.

सरकारास हें अगदींच उमगत नाहीं असें नाहीं. केंद्र सरकारनें २०१७ सालीं खुल्या माहितीसाठीं एक परवाना जाहीर केला. त्याखालीं खुले केलेले माहितीचे साठे, कोठून घेतले तें सांगून, कोणासहि वापरतां येतात. चांगलें झालें. पण परवाना हा शेवटीं धन्यानेंच द्यावयाचा असतो: तो आज देतो, उद्यां एखाद्या खात्यास त्यांतून वगळूंहि शकतो. आम्ही मागतों तें औदार्य नव्हे. कायद्यांत एकच कलम हवें, कीं सरकारी खर्चानें झालेलें लेखन व चित्र हें तयार होतांच लोकांचें, आणि जें झांकावयाचें त्याचें कारण सरकारनें लेखी सांगावयाचें.

तें कलम येईपर्यंत कशी स्थिति राहील, हें आमच्या टेबलाजवळील कपाटांतच दिसतें. वरच्या फळीवर डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आहेत. हे केतकरांनीं सरकारच्या पदराखालीं न शिरतां, भागभांडवल गोळा करून आणि घरोघर वर्गणीदार मिळवून पुरे केले. ते १९३७ सालीं वारले, त्यांच्या लेखनावरील मुदत १९८७ अखेर संपली, आणि आज त्यांतील त्यांचा मजकूर कोणीहि उचलावा, सुधारावा, पुन्हां छापावा. खालच्या फळीवर मराठी विश्वकोश आहे: वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या देखरेखीखालीं, महाराष्ट्राच्या तिजोरींतून, शेंकडों विद्वानांकडून लिहविलेला. त्याचा पहिला खंड १९७६ सालचा. तो आतां संगणकावरहि फुकट वाचतां येतो. पण त्यांतील एखादी जुनी झालेली नोंद घेऊन, तींत गेल्या पन्नास वर्षांची भर घालून, ती विद्यार्थ्यांसाठीं छापावी म्हटलें तर अर्ज करावा लागेल. एका माणसानें पदरमोड करून केलेला कोश मोकळा आहे, आणि सर्वांच्या पैशानें सर्वांसाठीं केलेला बांधलेला आहे. पहिल्या खंडाची मुदत २०३६ अखेर सरते. शेवटच्या खंडांची त्यापुढें कितीतरी वर्षांनीं.